ओटीतले शेअर

नवरात्र बसलं की आमखेडीच्या बाया सोयाबीन कापायला जातात आणि विजसु कॉइल्सची शेड निम्मी रिकामी होते. दरवर्षीचंच आहे हे. पिपलानीच्या पुढे, भोपाळ शहर संपून शेतं लागतात तिथे ही शेड. कामाला येणाऱ्या बाया त्याच शेतांतल्या घरांच्या. पीक वाळून तडतडायला लागलं असताना कॉइलला टेप गुंडाळत कोण बसेल?

शेडचं काम तसं सांगायला सोपं. विजेच्या मोटारीच्या पोटात तांब्याच्या कॉइल असतात. तांब्याची पट्टी साच्यावर वळवायची, तिच्यावर काचेच्या धाग्याची टेप गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवायची आणि भट्टीत भाजायची. टेप गुंडाळायचं काम बायांचं. काचेची बारीक कूस हाताला लागते आणि मनगटापर्यंत अशी खाज सुटते की नको तो जन्म वाटतो. सत्तरीला टेकलेल्या विजयाबाई अजून रोज सरसोंचं तेल चोळून कामाला बसत. कुणी म्हटलं, "आता घरी बसा की," तर त्या म्हणत, "घरी बसून खाज जाते का? गेली तर करमणार नाही मला."

विजसु म्हणजे विजया आणि सुचेता. त्यांचे नवरे भालचंद्र आणि बाळू, पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात कॉइल वळवणारे दोन वाइंडर. दोघांनी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बायकांच्या नावाचे तुकडे जोडून कंपनी काढली. कुणाचं नाव आधी यावरून भांडण झालं नाही. सुविज हे दंतमंजन वाटतं, असं सुचेताच्या नवऱ्यानेच, बाळूने, सांगून टाकलं होतं.

पण या वर्षी भालचंद्र आणि बाळूत बोलणं नव्हतं. पितृपक्षापासून नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ते फार दिसायचं. शेडच्या मागे कडुनिंब होता. त्याच्याखाली इतकी वर्षं चौघं एका चटईवर बसत आणि दोन्ही घरचे डबे मध्ये उघडत. आता भालचंद्र झाडाच्या या अंगाला, आपली लोखंडी खुर्ची टाकून. बाळू त्या अंगाला, तांब्याच्या रिकाम्या रिळावर. आणि दोघींची पंचाईत! विजयाबाई भाजी वाढायला उठल्या की वाटी घेऊन झाडाला वळसा घालायच्या. सुचेता चटणी घेऊन उलटीकडून यायची. झाडामागे दोघी एकमेकींना भेटायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू आलं तरी आतून बरं वाटत नव्हतं.

"यांना म्हणावं, शिपाई नेमा," सुचेता म्हणाली. "माझे गुडघे गेले झाडाभोवती फिरून."

"ऐकू येतंय मला," पलीकडून बाळूचा आवाज आला.

"तुम्हाला ऐकू यावं म्हणूनच बोलतेय!"

भालचंद्र मान खाली घालून भात कालवत राहिले.

भांडण कर्जाचं होतं. तीन वर्षांपूर्वी मोठी दुसरी भट्टी घ्यायची हौस भालचंद्रांची. बाळू नको म्हणत होता. भालचंद्रांचा मुलगा मंदार तेव्हा नुकताच कंपनीचा कारभार बघायला लागला होता, तो वडिलांच्या बाजूने. इंदूरच्या एका फायनान्सवाल्यांकडून कर्ज काढलं, भट्टी आली, फुलांचे हार घातले. आणि ज्या बड्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर हे सगळं केलं, त्याने माल दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. भट्टी थंड आणि व्याज गरम.

आता फायनान्सवाल्यांनी तोड काढली होती. कर्ज फिटलं असं धरतो, म्हणाले, त्याबदल्यात कंपनीने आम्हाला नवे शेअर द्यावेत. नवे शेअर इतके, की रुपयात बारा आणे कंपनी त्यांची होणार आणि जुन्या सगळ्या भागीदारांचे मिळून चार आणे उरणार. शेड त्यांच्या नावाने चालेल, कामं तेच आणतील, पगार मिळतील. नाही म्हटलं तर भट्टी, साचे, जागा, सगळं विकून वसूल करणार.

बाळू म्हणत होता, घ्या. भालचंद्र म्हणत होते, आपणच बांधलेल्या घरात भाडेकरू म्हणून राहू काय?

मंदारने आईला एकदा नीट समजावलं होतं. नवमीच्या सभेत हा ठराव व्हायला रुपयातली बारा आणे मतं लागतात. चार आण्यांहून जास्त विरोधात गेली की ठराव पडला.

"बाबांकडे किती?" विजयाबाईंनी विचारलं.

"तीन आणे. बाळूकाकांकडे तीन."

"आणि माझ्याकडे?"

"दोन."

विजयाबाईंना हिशेब यायचा. नवऱ्याचे तीन आणि आपले दोन, झाले पाच. ठराव पडणार की उभा राहणार, ते त्यांच्या दोन आण्यांवर होतं. मंदार आईच्या तोंडाकडे बघत राहिला. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि हाताला तेल लावायला उठली.

हे दोन आणे त्यांच्याकडे आले कसे, ही एक गंमतच आहे. कंपनी सुरू झाली ती भालचंद्रांना कारखान्याने दिलेल्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये. नोकरी सोडली तरी क्वार्टर सोडायला मुदत होती, तेवढ्या मुदतीत. पुढच्या ओसरीवर दोघी टेप गुंडाळायच्या, रेडिओ चालू, मंदार आणि त्याची बहीण रसिका पायाशी अभ्यास करतायत, अंगणातल्या पेरूखाली वार्निशची टाकी. सगळ्या लेनला वार्निशचा वास. शेजारची मंडळी म्हणायची, भाभीजी, तुमच्याकडे रोज फर्निचर येतं का? तयार कॉइल पोत्यात गुंडाळून भालचंद्र स्कूटरवर पायाशी उभ्या धरायचे, मागे विजयाबाई, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि दुसरा हात पुढे वाकून पोत्यावर. अशा वरातीने माल पोचवायचा. मजुरी द्यायला पैसा कुठला? तेव्हा पहिल्या खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, भालचंद्र म्हणाले, "बायकांच्या ओटीत शेअर घालू."

आणि खरंच घातले! खण, नारळ, तांदूळ आणि वर शेअरचा कागद. सुचेताने विजयाबाईंची ओटी भरली, विजयाबाईंनी सुचेताची. पुढे तो रिवाजच पडला. दर खंडेनवमीला टेप गुंडाळणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओटीत दोन-चार शेअर. आमखेडीची रामकली पहिल्या वर्षी घाबरली होती. "दीदी, हे काय चालान आहे का?" मुलींच्या लग्नात शेअर, सुनांच्या पहिल्या सणाला शेअर. दोघं मित्र आपापल्यातून काढून देत गेले. कंपनीचे हिशेब बघणारी स्नेहा एकदा डोक्याला हात लावून म्हणाली होती, "काका, जगात लोक लाच देतात, उधार देतात, पण मालकी खणात गुंडाळून वाटणारे तुम्हीच बघितले." आता ते शेअर कागदावरून कॉम्प्युटरमध्ये गेले होते. दोघांकडे तीन-तीन आणे उरले आणि बाकी सगळी कंपनी बायांच्या ओट्यांत!

तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की या ओट्या कधी मतं द्यायला उठतील.

नवरात्राच्या मध्यावर फायनान्सवाल्यांचा माणूस आला. विक्रांत नावाचा, पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टिकरची गुंडाळी. बोलायला वाईट नव्हता बिचारा. ठराव होईपर्यंत सामानाची मोजदाद ठेवायची म्हणून प्रत्येक वस्तूला एक पिवळं स्टिकर लावत निघाला. भट्टीला लावलं, साच्यांना लावलं, वजनकाट्याला लावलं. विजयाबाईंच्या समोर येऊन थांबला.

"अम्मा, आप यहाँ काम करती हैं?"

"करती हूँ. मालकीण भी हूँ."

तो गोंधळला. बाजूला रामकली फस्सकन हसली. विजयाबाई ज्या पाटावर बसल्या होत्या त्याच्याकडे त्याने बघितलं, हातातल्या स्टिकरकडे बघितलं.

"हा घरचा पाट आहे, बाबा. माझ्या सासूचा. याला लावलंस तर बघ."

तो पुढे सरकला. पण पुढे भालचंद्र लोखंडी खुर्चीवर बसून साच्याचे खिळे तपासत होते.

"सर, ज़रा उठेंगे? चेअर कंपनी की है न?"

भालचंद्र उठले. त्या पोराने खुर्चीच्या पाठीला स्टिकर चिकटवलं, अंगठ्याने दाबलं आणि "थँक्यू सर" म्हणून निघून गेला. भालचंद्र पुन्हा बसले नाहीत. हात मागे बांधून उभेच राहिले, मग उगीचच भट्टीकडे गेले, तिथून टाकीकडे. त्या दिवशी जेवतानाही ते झाडाखाली उभ्यानेच जेवले. इतक्या वर्षांत या माणसाला कुणी खुर्चीवरून उठवलं नव्हतं.

झाडाच्या पलीकडून बाळूने हे बघितलं. तो रिळावरून उठला आणि तोही उभ्यानेच जेवला. हे फक्त दोघींना दिसलं.

दुसऱ्या दिवशी एक तातडीचं काम आलं. विदिशेकडच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाची मोटार जळाली होती, गाव दोन दिवस पाण्यावाचून होतं. बाया कापणीवर, पोरं नाहीत. मग काय, पुन्हा जुनी मंडळी. विजयाबाई आणि सुचेता टेपला बसल्या, मंदारने बाह्या सरसावून वार्निश ढवळायला घेतलं.

मोठी कॉइल वळवायला दोन माणसं लागतात. एक साचा फिरवतो, दुसरा पट्टीला ताण देतो. ताण कमी पडला की पट्टी फुगते, जास्त झाला की पट्टीवरचं इन्सुलेशन सोलवटतं. आणि दोघांचा दम एक लागतो, नाहीतर कॉइल वाकडी. भालचंद्र साच्याशी जाऊन उभे राहिले. पलीकडचं टोक धरायला कोण? बाळू चष्मा पुसत आला आणि त्याने टोक धरलं.

भालचंद्रांनी साचा फिरवला, बाळू अंगठ्याने पट्टी दाबत मागे रेलला. कोपरा आला की भालचंद्र जरा थांबत आणि बाळू नेमका त्याच वेळी श्वास सोडे. म्हातारी शरीरं! एकाच्या कमरेला पट्टा, दुसऱ्याचा खांदा आखडलेला. घाम नाकावरून टपकत होता, पण फेरा चुकत नव्हता. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. मध्येच बाळूचा चष्मा घसरला. दोन्ही हात अडकलेले. भालचंद्रांनी साचा एका हाताने रोखला, दुसरा हात लांब केला आणि त्याचा चष्मा वर सरकवला. मग पुन्हा फिरवायला लागले.

सुचेताने विजयाबाईंना कोपराने ढोसलं. "बघा. हे म्हणे बोलत नाहीत."

विजयाबाईंना एकदम क्वार्टरची ओसरी आठवली. लाकडी साचा, हेच दोघे, काळे केस, आणि फेरा चुकला की एकमेकांना दिलेल्या शिव्या. शिव्या ऐकून रसिका कानात बोटं घालायची. तेव्हा त्यांच्याजवळ काही नव्हतं आणि कुणाची भीतीही नव्हती. ते दिवस गेले याचं त्यांना त्या क्षणी फार फार वाईट वाटलं.

कॉइल भट्टीत गेली तेव्हा उन्हं उतरली होती. घरी जाताना सुचेता म्हणाली, "चला, क्वार्टरवरून जाऊ." दोघी पायी निघाल्या.

ती लेन आता ओस पडली होती. त्यांचं क्वार्टर बंद, खिडक्यांच्या चौकटी कुणी काढून नेलेल्या, अंगणात कंबरभर गवत. पेरू मात्र होता. पाहिलं तर फळं धरलेली! सुचेताने काठीने दोन पाडले. दोघी पायरीवर बसून पेरू खाऊ लागल्या. बिया कडक, पण चव तीच.

"इथे टाकी होती," विजयाबाई म्हणाल्या. "मुळांत इतकं वार्निश गेलंय, तरी झाड मेलं नाही."

"विजयाताई, तुम्ही काय ठरवलंत?"

"काय ठरवू? हो म्हणावं तर घरातला माणूस तोंड फिरवणार. नको म्हणावं तर रामकलीने जायचं कुठे? मंदारने काय करायचं?" त्यांनी पेरू मांडीवर ठेवला. "आणि खरं सांगू? बोर्डावरून नाव जाईल गं आपलं. ते जिवाला लागतंय माझ्या. वेडेपणा आहे, पण लागतंय."

"माझं पण अर्धंच आहे की. मी रडायचं म्हटलं तर अर्धंच रडीन." सुचेता हसली आणि तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "एक सांगते. भट्टी नको, असं हे तेव्हा म्हणाले होते. पण आजपर्यंत घरातसुद्धा एका शब्दाने म्हणाले नाहीत, की बघ मी सांगितलं होतं. भाऊजींना टोचत असेल तर तेच टोचत असेल."

विजयाबाई चमकल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं, नवरा बाळूवर चिडलाय. चिडलेला माणूस चष्मा वर करत नाही. हा माणूस लाजलाय, आणि लाज सांगता येत नाही म्हणून भांडतोय!

नवमीच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर भालचंद्रांनी एक कागद समोर ठेवला. "यावर सही कर. तुझ्या वतीने मी मत देईन. तुला मीटिंगमध्ये बसायचा त्रास नको."

"मला कसला त्रास? शेडमध्ये मी रोज बसते."

"अगं, ते कायद्याचं असतं. तुला काय कळायचंय त्यात?"

"कॉइल कळते, मग एवढं नाही कळणार?"

भालचंद्रांचा आवाज चढला. "तुझे दोन आणे म्हणजे काय गं? मीच दिलेत ना ते तुला!"

विजयाबाई वाती वळत होत्या. हात थांबला. "अहो, ओटीत घातलेत तुम्ही. ओटीत घातलेलं परत मागतात का कुणी?"

कागद तिथेच टीपॉयवर राहिला आणि भालचंद्र बाहेर जाऊन फाटकाशी उभे राहिले. विजयाबाईंना वाटलं, उठावं, सही करून टाकावी, एवढ्या वर्षांत याच्याविरुद्ध कधी गेलो आपण? भाजी कुठली आणायची तेसुद्धा त्याला विचारून. दोनदा त्या उठू लागल्या. मग त्यांनी वाती डब्यात भरल्या आणि कागदाची घडी करून देवघराच्या खणात ठेवून दिली.

खंडेनवमीला शेड झाडून पुसून लखलखीत केली होती. साचे, पक्कड, मोगरी, कात्र्या चौरंगावर मांडल्या, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. भट्टीच्या दारावर स्वस्तिक काढलं, पिवळ्या स्टिकरच्या बाजूला. कापणीतून उठून बाया आल्या होत्या, पायांना अजून माती. पूजा झाली, ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ. या वर्षी वर शेअर नव्हता. रामकलीने ओटीत बघितलं, मग विजयाबाईंकडे बघितलं आणि मुकाट्याने पदराला गाठ मारली.

तिथेच सतरंजीवर सभा बसली. स्नेहा ठराव वाचायला उभी. विक्रांत कोपऱ्यात, प्रसादाचा द्रोण हातात घेऊन अवघडलेला. नागपूरहून रसिका मोबाइलवर, मंदारने तो मोबाइल वार्निशच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

स्नेहाचं वाचन झाल्यावर भालचंद्र उभे राहिले. स्टिकरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"मी जास्त बोलणार नाही. ही शेड आपण कर्जावर नाही, हातांवर उभी केली. आज ते म्हणतायत, पगार चालू राहील. उद्या म्हणतील, जागा विकू. बारा आणेवाल्याला चार आणेवाला काय विचारणार? मालक म्हणून मरू, पण..." पुढे आवाज चिरकला. "माझा विरोध आहे."

"वहिनी?" बाळूने हळूच विचारलं. तो भालचंद्रांकडे बघत नव्हता.

विजयाबाई उठल्या. पदरातली ओटी एका हाताने धरलेली, गुडघे कटकन वाजले.

"हे म्हणतात ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "जागा विकतीलही ते. नाव तर जाणारच. मला सगळं समजतंय. पण मला एक सांगा, ओटीतल्या तांदळाचं आपण काय करतो? डब्यात ठेवून किडे पाडतो का? दुसऱ्या दिवशी शिजवतो, खीर करतो, घरातल्यांना वाढतो. पहिल्या नवमीला तुम्ही माझ्या ओटीत ही कंपनी घातलीत. मी ती इतकी वर्षं जपली. आता घरातली माणसं उपाशी राहायची वेळ आलीय आणि मी गाठ मारून बसू? नाही बसायची. शिजवून संपली तर संपली." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "आणि भट्टी आपल्या सगळ्यांच्या सहीने आली होती. तुमच्या एकट्याच्या नाही. कुणी तुम्हाला एका शब्दाने बोललंय?"

भालचंद्रांनी खुर्ची घट्ट धरली.

"माझं मत हो," विजयाबाई म्हणाल्या आणि हात वर केला. बांगड्या कोपराकडे घसरल्या. खाजेने लाल झालेलं मनगट सगळ्यांना दिसलं. मग सुचेताचा हात वर गेला, रामकलीचा, बाकीच्या बायांचे, मोबाइलमधून रसिकाचा. विरोधात एकटे भालचंद्र. ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, विजयाबाईंनी ओटीच्या तांदळाची खीर केली. भालचंद्रांनी वाटी बाजूला सारली. बोलले नाहीत. त्याही दिवशी नाहीत, पुढेही नाहीत. "अगं" म्हणून हाक मारायचे तेही बंद. पाणी हवं असलं तर पेला आपटायचे. विजयाबाई एकट्या असल्या की रडायच्या आणि कामाला बसल्या की टेप गुंडाळायच्या. शेड चालू होती, नवीन माल आला होता, थंड भट्टी पेटली होती. पण घर असं मुकं असेल तर कशात जीव रमणार?

कोजागिरी होऊन गेल्यावर एके सकाळी रंगारी आला, फाटकावरचा पत्र्याचा बोर्ड पुसून नवीन नाव रंगवायला. त्याने काळ्या रंगाचा डबा उघडला. विजयाबाई आत पाटावर होत्या. त्या उठून दारापर्यंत आल्या आणि पुढे जाववेना.

"थांब रे," भालचंद्रांचा आवाज आला. "त्याच्यावर रंग मारू नकोस. मी उतरवून देतो. तू नवीन पत्र्यावर रंगव."

"अंकल, सीढ़ी पे आप चढ़ोगे?"

"मीच चढवलाय तो."

त्यांनी शिडी लावली, खिशात पाना घातला आणि चढायला लागले. शिडी हलली. सगळे आ वासून बघत असताना बाळू रिळावरून उठला, झपझप आला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

वरून एक बोल्ट पडला. "गंजलाय," भालचंद्र म्हणाले.

"तेल सोड," बाळू खालून म्हणाला. "आणि डावीकडे जास्त वाकू नकोस भाल्या, पडशील. तुला उचलायची ताकद नाही राहिली माझ्यात."

"बाळ्या, तू गप शिडी धर."

दारात उभ्या असलेल्या सुचेताने विजयाबाईंचा हात घट्ट पकडला. बोर्ड खाली आला. ऊन-पावसाने फिका पडलेला, पण अक्षरं शाबूत. दोघे म्हातारे धापा टाकत त्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"तुझ्याकडे ने," भालचंद्र म्हणाले.

"माझ्या गाडीवर मावतो का हा? तुझ्या स्कूटरवर उभा राहील. आणि माझ्या बायकोचं नाव आहे त्याच्यावर अर्धं, जपून ने."

भालचंद्रांनी बोर्ड पोत्यात गुंडाळला, स्कूटरवर पायाशी उभा धरला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा मागे बघून म्हणाले, "अगं, येतेस ना? हा एकट्याने धरवायचा नाही."

विजयाबाई हात पुसत आल्या. मागे बसल्या, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा पुढे वाकून पोत्यावर. वाकताना पाठीत कळ आली. स्कूटर हळूहळू निघाली. दोन्ही बाजूला कापणी झालेली रिकामी शेतं, मग पिपलानीची घरं. जुन्या लेनपाशी भालचंद्रांनी वेग कमी केला आणि पेरू दिसला तसे थांबले.

त्यांचे खांदे हलत होते. विजयाबाईंनी खांद्यावरचा हात काढला नाही.

मग ते नाक ओढून म्हणाले, "ती खीर... उरली होती का गं?"

"दसऱ्याची खीर? अहो, आता कोजागिरी झाली!"

"हो. नाही, मी आपलं विचारलं."

"मूठभर तांदूळ मागे ठेवलेत मी त्यातले," विजयाबाई म्हणाल्या. "उद्या करते. डब्यात घालते शेडवर. पण झाडाला वळसा घालून वाढणार नाही मी, आधीच सांगते. बाळूभाऊजींना तुम्ही वाढायची."

"वाढतो," भालचंद्र म्हणाले आणि त्यांनी स्कूटरला किक मारली.